डॉक लावला की अक्षरं लहान-मोठी आणि धुरकट: लॅपटॉप व अनेक मॉनिटरचं स्केलिंग कसं बसवायचं

लॅपटॉप डॉकला, म्हणजे एकाच केबलने मॉनिटर वगैरे जोडून देणाऱ्या पेटीला, जोडला की त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर सगळं नीट दिसतं, शेजारच्या मॉनिटरवर अक्षरं भलीमोठी होतात आणि तिसऱ्या स्क्रीनवर एखादा जुना प्रोग्राम धुरकट उघडतो. स्केल, म्हणजे अक्षरं-बटणं किती टक्के मोठी दाखवायची तो आकडा, बदललं तर एक स्क्रीन सुधारते, दुसरी बिघडते. खटपट करून सगळं जुळवावं, तर दुसऱ्या दिवशी डॉक लावल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ही तक्रार एकच वाटत असली तरी तिच्या पोटात तीन निरनिराळी दुखणी असतात: आकार चुकणं, अक्षरं धुरकट होणं आणि लावलेली सेटिंग न टिकणं. तिघांची कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. धुरकट अक्षरांवर स्केलचा आकडा बदलून पाहणं किंवा सेटिंग टिकत नाही म्हणून ड्रायव्हर पुन्हा टाकणं, यातच लोकांचा बहुतेक वेळ जातो. म्हणून आपल्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. खालचं बरंचसं विंडोज १० आणि ११ साठी आहे. मॅक आणि लिनक्सचं शेवटी लिहिलं आहे.

आकार चुकतो तेव्हा

सगळ्या स्क्रीनना सारखंच स्केल द्यायचा मोह होतो, पण स्केलचे आकडे सारखे ठेवले म्हणून अक्षरं सारखी दिसत नाहीत. स्क्रीनच्या एका इंचात किती पिक्सेल बसलेत यावर अक्षराचा खरा आकार ठरतो. विंडोज १०० टक्के स्केलला इंचाला ९६ पिक्सेल धरतं. प्रत्यक्षात १४ इंची फुल एचडी लॅपटॉपमध्ये इंचाला सुमारे १५७ पिक्सेल असतात, २४ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये सुमारे ९२, २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४०) मॉनिटरमध्ये सुमारे १०९ आणि २७ इंची फोर-के (३८४० बाय २१६०) मॉनिटरमध्ये सुमारे १६३. दोन्हींचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० असूनही लॅपटॉपवर आणि २४ इंची मॉनिटरवर अक्षरांच्या आकारात एवढा फरक का पडतो, ते यावरून कळेल.

हिशेब सोपा आहे. इंचातल्या पिक्सेलना स्केलने भागायचं, १५० टक्के असेल तर १.५ ने. वरच्या लॅपटॉपला १५० टक्के दिले तर १५७ भागिले १.५ म्हणजे सुमारे १०५. २७ इंची फोर-के मॉनिटरला १५० टक्के दिले तर १०९. १४४०पी मॉनिटर १०० टक्क्यांवर ठेवला तरी १०९. हे भागाकार एकमेकांच्या जवळ आले की अक्षरं सगळीकडे जवळजवळ एकाच मापाची दिसतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटर १०० टक्क्यांवर ९२ देतो, म्हणजे त्यावर सगळं थोडं मोठं दिसणार. तो सहसा डोळ्यांपासून लांब असतो, त्यामुळे हा फरक खटकत नाही. तीच गोष्ट उलट बाजूने लॅपटॉपला लागू होते: तो जवळ असतो, म्हणून १२५ टक्क्यांवर भागाकार १२६ आला तरी अनेकांना चालतं. ३२ इंची फोर-के मॉनिटरमध्ये इंचाला सुमारे १३८ पिक्सेल असतात. त्याला १२५ टक्के बरोबर बसतात.

इंचातले पिक्सेल काढायचे तर रुंदीच्या पिक्सेलचा वर्ग आणि उंचीच्या पिक्सेलचा वर्ग यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला कर्णाच्या इंचांनी भागा. हे एकदाच करून आपल्या प्रत्येक स्क्रीनचा आकडा लिहून ठेवा. पुढे सेटिंग कधीही बिघडली तर अंदाजाने चाचपडावं लागत नाही.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात डिस्प्ले उघडा. वर स्क्रीनचे क्रमांक घातलेले चौकोन दिसतात. आधी चौकोनावर क्लिक करून ती स्क्रीन निवडायची आणि मगच खालचं स्केल बदलायचं. ही पायरी राहून गेली की लॅपटॉपचं स्केल बदलतं आणि मॉनिटर होता तसाच राहतो. कोणता चौकोन कोणत्या स्क्रीनचा हे कळत नसेल तर ‘आयडेंटिफाय’ दाबा.

यादीतल्या एका टक्केवारीपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं. तो आकडा विंडोज मॉनिटरने कळवलेली लांबी-रुंदी आणि रिझोल्यूशन यांवरून काढतं. काही टीव्ही आणि काही अ‍ॅडॅप्टर ही मापं चुकीची कळवतात किंवा कळवतच नाहीत, आणि मग शिफारसही चुकते. अशा वेळी आपल्या भागाकारावर विश्वास ठेवा.

दोन गोष्टी मात्र टाळा. अक्षरं मोठी व्हावीत म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका. सपाट पडद्याच्या मॉनिटरला त्याचं मूळ रिझोल्यूशन सोडून दुसरं दिलं की चित्र ताणलं जातं आणि अक्षरांच्या कडा विरघळतात. रिझोल्यूशन नेहमी मूळचंच ठेवा, आकार स्केलने सांभाळा. दुसरी गोष्ट ‘कस्टम स्केलिंग’. तिथे १०० ते ५०० मधला कोणताही आकडा टाकता येतो म्हणून ११७ किंवा १३५ टाकावासा वाटतो. पण तो आकडा सगळ्या स्क्रीनना एकत्र लागू होतो, साइन-आउट करावं लागतं आणि प्रत्येक स्क्रीनचं स्वतंत्र स्केल बदलण्याची सोय बंद पडते. अनेक स्क्रीन वापरणाऱ्याच्या ते अजिबात कामाचं नाही. कुणी आधी लावून ठेवलं असेल तर तिथेच ते काढून टाकायचा पर्याय मिळतो. तो वापरा आणि पुन्हा साइन-इन करा.

खिडक्या आणि बटणं ठीक आहेत, फक्त मजकूर लहान वाटतो, अशी अडचण असेल तर स्केलला हात लावू नका. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘टेक्स्ट साइझ’ वेगळा आहे, १०० ते २२५ टक्क्यांपर्यंत. तो सगळ्या स्क्रीनवर सारखाच लागतो, तेवढं लक्षात असू द्या.

आणखी एक: ‘डुप्लिकेट’ मोडमध्ये दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र जातं, त्यामुळे रिझोल्यूशन आणि स्केलही एकच राहतं. प्रोजेक्टर लावल्यावर लॅपटॉपवरचं सगळं अचानक फुगलं तर कारण बहुधा हेच असतं. विंडोज की आणि पी एकत्र दाबा, ‘एक्स्टेंड’ निवडा.

धुरकट अक्षरं: आधी स्क्रीनशॉट घ्या

धुरकटपणाचं निदान करायला मला सर्वात भरवशाची वाटणारी चाचणी अशी: ज्या स्क्रीनवर अक्षरं धुरकट दिसतात तिचा स्क्रीनशॉट घ्या, तो ज्या स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसतं तिच्यावर उघडा आणि एकास एक आकारात, म्हणजे न ताणता पाहा.

स्क्रीनशॉटमध्येही अक्षरं धुरकट असतील तर दोष संगणकाच्या आत आहे. विंडोज तो प्रोग्राम ताणून दाखवतंय. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल आणि मॉनिटरवर मात्र धुरकट दिसत असेल, तर संगणकाने चित्र बरोबर तयार केलं आहे. बिघाड त्यानंतर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलमध्ये, केबलमध्ये, अ‍ॅडॅप्टरमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. या दुसऱ्या प्रकारात स्केलिंगच्या सेटिंग कितीही बदलल्या तरी फरक पडणार नाही.

दुसऱ्या प्रकाराचं आधी पाहू. डिस्प्लेच्या पानावर खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ आहे. तिथे तो मॉनिटर निवडला की डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष जाणाऱ्या सिग्नलचं रिझोल्यूशन वेगवेगळं लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे एकच हवेत, आणि ते मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनइतकेच हवेत. वेगळे असतील तर वाटेत कुणीतरी चित्र ताणतंय.

त्याच पानावर रंगाचं स्वरूप दिसतं. तिथे आरजीबी किंवा ४:४:४ असेल तर उत्तम. ४:२:२ किंवा ४:२:० असेल तर रंगांची माहिती कमी करून पाठवली जाते. फोटो आणि व्हिडिओत ते कळत नाही, पण काळ्यावर लाल किंवा निळ्यावर पांढरा असा बारीक मजकूर फाटल्यासारखा दिसतो. याचं नेहमीचं कारण म्हणजे केबलची किंवा अ‍ॅडॅप्टरची अपुरी क्षमता. एचडीएमआय १.४ वर फोर-के पूर्ण रंगांत सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० हवे असतील तर एचडीएमआय २.० लागतं. काही जोड्या ३० ऐवजी ६० द्यायच्या म्हणून रंगांची माहिती कापतात. यूएसबी-सी हबमध्येही असंच होतं: अनेक हब अर्धी वाट यूएसबीच्या डेटासाठी राखून ठेवतात, आणि चित्राला उरलेल्या वाटेवर भागवावं लागतं. एकदा तो मॉनिटर डॉक टाळून थेट लॅपटॉपला जोडा. सगळं स्वच्छ झालं तर दोषी सापडला.

मॉनिटर म्हणून टीव्ही वापरत असाल तर त्याच्या मेनूत त्या एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असं नाव किंवा प्रकार द्या, आणि चित्राच्या कडा कापणारं ओव्हरस्कॅन बंद करा. शार्पनेस खूप वाढवलेला असेल तर अक्षरांभोवती पांढरी किनार येते; ती धुरकट अक्षरांसारखीच डोळ्यांना टोचते.

एकच प्रोग्राम धुरकट असेल तर

स्क्रीनशॉटमध्येही दिसणारा धुरकटपणा बहुधा काही ठरावीक प्रोग्राममध्येच असतो. शेजारी ब्राउझर उघडून पाहा: ब्राउझर स्वच्छ आणि हिशेबाचा किंवा नकाशाचा जुना प्रोग्राम धुरकट, असं चित्र असेल तर मूळ त्या प्रोग्राममध्ये आहे.

काही प्रोग्रामना स्केलिंग ठाऊकच नसतं. ते १०० टक्क्यांचं चित्र काढतात आणि विंडोज ते चित्र फोटोसारखं मोठं करतं. काहींना एकाच स्क्रीनचं स्केल कळतं: साइन-इन करताना मुख्य डिस्प्लेचं जे असेल ते. तो प्रोग्राम वेगळ्या स्केलच्या स्क्रीनवर नेला की तिथे विंडोज त्याला ताणतं किंवा आक्रसतं. आणि काही प्रोग्राम प्रत्येक स्क्रीनप्रमाणे स्वतःला नव्याने आखतात. प्रत्येक मॉनिटरचं स्केल वेगळं ठेवण्याची सोय विंडोज ८.१ मध्ये, २०१३ साली आली, आणि तिची सुधारलेली आवृत्ती २०१७ च्या विंडोज १० मध्ये. त्याआधी लिहिलेले आणि नंतर न सुधारलेले प्रोग्राम पहिल्या दोन गटांत मोडतात.

आपला प्रोग्राम कोणत्या गटात आहे ते टास्क मॅनेजर सांगतो. ‘डिटेल्स’मध्ये जा, रकान्यांच्या नावावर उजवं क्लिक करून रकाने निवडा आणि ‘डीपीआय अवेअरनेस’ जोडा (डीपीआय म्हणजे इंचातले पिक्सेल). ‘अनअवेअर’ म्हणजे पहिला गट, ‘सिस्टम’ म्हणजे दुसरा, ‘पर-मॉनिटर’ म्हणजे तिसरा.

रोज डॉक लावणाऱ्यांना सर्वात जास्त छळतो तो दुसरा गट. सकाळी लॅपटॉप एकटा असताना साइन-इन केलं, तेव्हा मुख्य डिस्प्ले होता लॅपटॉप, स्केल १५०. नंतर डॉक लावला, मुख्य डिस्प्ले झाला मॉनिटर, स्केल १००. प्रोग्राम मात्र १५० धरूनच बसलेला. बहुतेक जण संगणक बंद करत नाहीत, फक्त झाकण मिटतात. त्यामुळे कित्येक दिवस नवं साइन-इन होतच नाही आणि जुनं स्केल चिकटून राहतं. ‘काल ठीक होतं, आज नाही’ या तक्रारीमागे बहुतांश वेळा हेच असतं.

उपाय असा. प्रोग्रामच्या मूळ फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. वरच्या भागात त्या प्रोग्रामपुरतं स्केल कधीचं धरायचं हे निवडता येतं: साइन-इन केलं तेव्हाचं की प्रोग्राम उघडला तेव्हाचं. दुसरा पर्याय निवडा. आता डॉक लावल्यावर तेवढा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की पुरे, साइन-आउटची गरज सहसा राहत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर खालच्या भागात स्केलिंग कुणी करायचं ते बदला. ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडलं की विंडोज ताणणं थांबवतं: अक्षरं स्वच्छ होतात, पण प्रोग्राम स्वतः मोठा होत नसेल तर ती इवलीशी राहतात. ‘सिस्टम’ निवडलं की आकार बरोबर येतो, कडा मऊ राहतात. बटणं एकमेकांवर चढत असतील तर हाच पर्याय बरा. ‘सिस्टम एनहान्स्ड’मध्ये विंडोज मजकूर नव्याने, योग्य आकारात काढायचा प्रयत्न करतं. ते जमलं तर निकाल फार सुंदर येतो, पण जुन्या पद्धतीने चित्रण करणाऱ्या प्रोग्राममध्येच जमतं, आणि आतली चित्रं व चिन्हं तरीही धुरकटच राहतात. जुन्या प्रोग्रामवर मी सुरुवात याच पर्यायापासून करायला सांगेन. खिडकी विचित्र दिसू लागली तर मागे फिरायला क्षणभरही लागत नाही.

जावावर चालणाऱ्या प्रोग्रामची अडचण उलटी असते. जावा ८ वरचे प्रोग्राम दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर धुरकट होण्याऐवजी बारीक होतात. जावा ९ पासून स्केलिंगची सोय आहे, म्हणून प्रोग्राम नव्या जावावर चालत असेल तर तोच खरा इलाज. चालत नसेल तर वरची सेटिंग प्रोग्रामच्या शॉर्टकटवर न लावता, त्याला चालवणाऱ्या जावाच्या फाइलवर लावावी लागते.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर तो प्रोग्राम कायम मुख्य डिस्प्लेवरच वापरा. दुसऱ्या गटातला प्रोग्राम तिथे स्वच्छ दिसतो, फक्त डॉक लावल्यानंतर एकदा साइन-आउट करून आत या.

सेटिंग टिकत नाही

प्रत्येक मॉनिटर जोडल्या जोडल्या आपली ओळख कळवतो: कंपनी, मॉडेल, क्रमांक, मापं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. विंडोज त्या ओळखीवरून स्केल आठवतं, आणि कोणते मॉनिटर एकत्र जोडलेत त्या जोडणीनुसार मांडणी आठवतं. ओळख पोहोचली नाही किंवा बदलून पोहोचली तर विंडोजला तो नवाच मॉनिटर वाटतो.

ओळख वाटेत हरवणारे नेहमीचे ठिकाण म्हणजे केव्हीएम स्विच. एका कीबोर्डवर दोन संगणक चालवणारे साधे स्विच संगणक बदलताना मॉनिटरची जोडणी तोडतात. ईडीआयडी जपून ठेवणारा स्विच घेतला तर खिडक्यांची पळापळ आणि स्केलची विस्मृती दोन्ही थांबतात. डॉकच्या बाबतीत आधी त्याचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर असतील तर प्रत्येकाचा पोर्ट आणि केबल ठरवून टाका आणि अदलाबदल करू नका. दोघांची ओळख सारखीच आली तर विंडोजला पोर्टवरूनच फरक करावा लागतो.

डिस्प्लेपोर्टवर जोडलेले काही मॉनिटर झोपले की संगणकाच्या लेखी निघूनच जातात, आणि जागे झाले की पुन्हा जोडले जातात. त्या मधल्या काळात सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर येऊन आदळतात आणि आकार बदलतात. मॉनिटरच्या मेनूत ‘डीप स्लीप’ किंवा इनपुट आपोआप शोधण्याचा पर्याय असेल तर बंद करून पाहा. विंडोज ११ मध्ये मॉनिटर जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली आहे, तो चालू हवा.

झाकण उघडं ठेवून दोन मॉनिटर ही एक जोडणी, झाकण मिटून दोन मॉनिटर ही दुसरी. दोन्ही पद्धतींनी काम करत असाल तर दोन्ही वेळा बसून मांडणी आणि स्केल तपासून घ्या. एकीत केलेलं दुसरीत आपोआप उतरेलच असं नाही.

मॉनिटर अडकून बसला किंवा काळा राहिला तर केबल ओढण्याआधी विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडे प्रोग्राम बंद पडत नाहीत.

माऊस कडेला अडकतो

हे दुखणं नाही, मांडणी आहे. डिस्प्लेच्या पानावरचे चौकोन पिक्सेलच्या मापाने काढलेले असतात, टेबलावरच्या इंचांच्या मापाने नाही. त्यामुळे फोर-के चौकोन शेजारच्या फुल एचडीपेक्षा दुप्पट उंच दिसतो, आणि जिथे शेजारी काहीच नाही तिथे माऊस अडतो. तुमची नजर ज्या उंचीवरून पलीकडे जाते, त्या उंचीवर चौकोन जुळतील असे ओढून ठेवा. विंडोज ११ मध्ये कर्सरला सहज पलीकडे नेणारा पर्यायही आहे. दोन स्क्रीनच्या मध्ये अर्धवट धरलेली खिडकी एका बाजूला चुकीच्या आकारात दिसते, ते मात्र तसंच असायचं. खिडकीचा मोठा भाग पलीकडे गेला की ती आकार बदलते.

मॅक आणि लिनक्स

मॅकला इंचाला सुमारे ११० किंवा सुमारे २२० पिक्सेलची स्क्रीन सोयीची असते, कारण तो मजकूर एकपट किंवा नेमका दुप्पट काढतो. २७ इंची फोर-के १६३ वर, म्हणजे मध्येच पडतो. त्यावर ‘२५६० बाय १४४० सारखं’ निवडलं की मॅक आधी ५१२० बाय २८८० चं चित्र काढतो आणि ते ३८४० बाय २१६० मध्ये दाबून बसवतो. बहुतेकांना ते पुरेसं स्वच्छ वाटतं, ग्राफिक्सवर थोडा जास्त ताण येतो एवढंच. फुल एचडी मॉनिटरवर मॅकची अक्षरं पुसट वाटत असतील तर तुमची नजर चुकत नाही: २०१८ च्या मॅकओएस मोहावेपासून अक्षरांच्या कडा उपपिक्सेलने (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांनी) गुळगुळीत करणं मॅकने सोडून दिलं. तिथे स्केलिंगने काही होणार नाही, जास्त दाट मॉनिटरच लागेल.

लिनक्सवर आधी सेशन एक्स११ चं आहे की वेलँडचं ते पाहा (स्क्रीनवर खिडक्या मांडणाऱ्या या दोन व्यवस्था, पहिली जुनी, दुसरी नवी). अनेक वितरणांत साइन-इनच्या पडद्यावरच ते निवडता येतं. एक्स११ सगळ्या स्क्रीनसाठी एकच डीपीआय धरतं, म्हणून दाट लॅपटॉप आणि साधा मॉनिटर ही जोडी तिथे नीट जमत नाही. वेलँडमध्ये प्रत्येक स्क्रीनचं स्केल स्वतंत्र ठेवता येतं. वेलँडवरही काही प्रोग्राम धुरकट दिसले तर ते एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवर एक्स११ चे प्रोग्राम चालवणाऱ्या थरातून, चालत असणार. केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये अशा प्रोग्रामना स्केलिंग स्वतः करू देण्याचा पर्याय डिस्प्लेच्या सेटिंगमध्येच आहे. तो बदलला की प्रोग्राम नव्याने उघडा.

इतकं करूनही अडलात आणि कुणाची मदत घ्यायची वेळ आली, तर या गोष्टी आधीच सांगा: प्रत्येक स्क्रीनचे इंच, रिझोल्यूशन आणि स्केल, मुख्य डिस्प्ले कोणता, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेवरचं सिग्नलचं रिझोल्यूशन आणि रंगाचं स्वरूप, स्क्रीनशॉट स्वच्छ आला की धुरकट, टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रामपुढे काय लिहिलंय, आणि डॉक काढून थेट केबलने जोडल्यावर काय होतं.